अहवालाचा वाचक कोण?

अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाने २००९ मध्ये एका प्रयोगास आरंभ केला. निको लार्को आणि मार्क श्लॉसबर्ग हे दोन अध्यापक त्याच्या प्रवर्तकांपैकी होत. 'सस्टेनेबल सिटी इयर प्रोग्रॅम' हे प्रयोगाचे नाव. एका शैक्षणिक वर्षासाठी राज्यातील एक नगर निवडावयाचे, त्या नगराच्या प्रशासनाने आपल्यापुढील प्रश्न मांडावयाचे, आणि विद्यापीठात मुळातच चालू असलेल्या अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांनी त्या वर्षी स्वाध्यायासाठी तेच प्रश्न घ्यावयाचे, अशी त्याची योजना आहे. पहिल्या वर्षी ग्रेशॅम, दुसऱ्या वर्षी राज्याची राजधानी सेलम आणि तिसऱ्या वर्षी स्प्रिंगफील्ड अशी नगरे निवडली गेली. पुढे या नमुन्याचे अनुकरण अनेक विद्यापीठांनी केले व त्यांचे एक जाळेही निर्माण झाले. या प्रयोगाची स्तुती पुष्कळ झाली आहे. त्यातून निर्माण होणाऱ्या लेखनाकडे मात्र लेखन म्हणून फारसे कोणी पाहिलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखात ते करावयाचे आहे.

प्रथम प्रयोगाचे श्रेय त्यास दिले पाहिजे. विद्यार्थ्यांनी समाजात जावे हा उपदेश जुनाच आहे. त्यासाठी बहुधा एखादा निराळा, ऐच्छिक आणि म्हणूनच उपेक्षित असा उपक्रम काढला जातो. ऑरेगनच्या योजकांनी नवा अभ्यासक्रम निर्माण केला नाही. वास्तुरचना, नगररचना, विधी, वृत्तविद्या, व्यवसायव्यवस्थापन असे जे विषय शिकविले जात होते, त्यांतील काल्पनिक उदाहरणाच्या जागी खरे उदाहरण ठेवले, एवढेच. दुसरे असे की या कामासाठी नगर विद्यापीठास पैसे देते. ज्यास पैसे मोजावे लागतात तो प्रश्न नीट विचारतो आणि उत्तर आले की निदान उघडून तरी पाहतो. फुकट मिळालेल्या अहवालाची वाट काय लागते हे आपणांस निराळे सांगावयास नको.

या प्रयोगास भूमीही अनुकूल मिळाली. ऑरेगन राज्याने १९७३ मध्ये भूमिवापराविषयी कायदा केला. त्यान्वये प्रत्येक नगरास आपल्या वाढीची सीमारेषा आखणे भाग पडले, आणि राज्याच्या नियोजनविषयक उद्दिष्टांत पहिलेच उद्दिष्ट नागरिकांच्या सहभागाचे ठरले. विद्यार्थी ज्या कार्यालयांत गेले, तेथील अधिकाऱ्यांस आराखडा, सुनावणी, आक्षेप यांची तीन-साडेतीन दशकांची सवय होती. नमुना अन्यत्र नेताना ही सवय सामानात बांधून नेता येत नाही, याकडे अनुकरण करणाऱ्यांचे लक्ष थोडे कमी असते.

आता अहवालांकडे वळू. सत्र संपल्यानंतर प्रत्येक अभ्यासक्रमाचे काम एखाद्या विद्यार्थ्याकडून संकलित करवून घेतात, आणि असे अहवाल विद्यापीठाच्या सार्वजनिक संग्रहात ठेवले जातात. ही पारदर्शकता अनुकरणीय आहे. ते वाचू लागताच त्यांची ठरीव घडण ध्यानात येते. आरंभी योजनेचा परिचय, नंतर नगराचा परिचय, सहभागी विद्यार्थ्यांची नावे, मग परिस्थितीचे वर्णन आणि शेवटी शिफारशी. विद्यार्थी विशेषनामाने येतात, अधिकारी पदनामाने येतात. रहिवासी मात्र बहुधा समूहवाचक नामाने येतात. शिफारस कोणास उद्देशून आहे, हे वाक्याच्या रचनेवरूनच कळते: कर्ता प्रायः 'नगर' हा असतो, आणि 'नगर' या शब्दाचा अर्थ तेथे नगराचे प्रशासन एवढाच होतो. राहणारे लोक त्या शब्दातून नकळत गळून पडतात.

हा दोष केवळ शैलीचा नाही. सेलममध्ये २०१० च्या जनगणनेनुसार सुमारे एक-पंचमांश रहिवासी हिस्पॅनिक होते, आणि त्यांतील अनेकांच्या घरची भाषा स्पॅनिश. ज्या वस्तीतील रस्त्याविषयी किंवा उद्यानाविषयी शिफारस करावयाची, त्या वस्तीतील काही घरांत तो अहवाल वाचलाच जाणार नाही, हे उघड होते. विद्यार्थी अशा घरांपर्यंत पोहोचले नसतील असे आम्ही म्हणत नाही. पोहोचणे निराळे आणि त्यांच्यासाठी लिहिणे निराळे, एवढाच आमचा मुद्दा आहे. शिवाय तेथील सत्र दहा आठवड्यांचे. एवढ्या अवधीत प्रश्न समजून घ्यावयाचा, पाहणी करावयाची व उत्तर लिहावयाचे म्हटले, तर ज्याची भाषा आधीच अवगत आहे त्याच्याशीच संभाषण होणार; आणि विद्यार्थ्यास अवगत असलेली भाषा ही कार्यालयाची.

येथवर हा परक्याच्या घरातील दोष काढण्याचा प्रकार वाटेल. परंतु नगरास विद्यापीठाची प्रयोगशाळा मानण्याची कल्पना मुंबईस नवी नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग स्थापन झाला, त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे होते. आधी पाहणी आणि मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. होळकरांच्या दरबारासाठी त्यांनी लिहिलेला इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अर्थातच इंग्रजीत. मात्र त्याच इंदुरात प्लेगच्या निवारणासाठी त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक प्रचंड मिरवणूक काढविली, आणि ज्या रस्त्यांवरील लोक आपली घरे व परिसर अधिक स्वच्छ करतील त्या रस्त्यांवरून ती नेण्याचे जाहीर केले. मिरवणुकीची भाषा प्रत्येकास कळली. अहवाल दरबारासाठी होता, मिरवणूक गावासाठी होती. आणि आपण दोन निरनिराळ्या श्रोत्यांशी बोलत आहोत, हे या स्कॉटिश गृहस्थास पुरते ठाऊक होते. १९२४ नंतर गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या कारकिर्दीत त्या विभागाची दृष्टी मुख्यत्वे जात, जमाती आणि संस्कृती यांच्या अभ्यासाकडे वळली. त्यातून मोठे विद्वत्कार्य झाले. गावाच्या गटारांशी असलेला संबंध मात्र सुटला.

तो संबंध आता पुन्हा जोडला जात आहे. उन्नत महाराष्ट्र अभियानाने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस पाणीपुरवठा, सिंचन अशा स्थानिक प्रश्नांकडे नेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतरच्या रचनेत क्षेत्रीय प्रकल्प व समाजसहभाग यांस श्रेयांकही मिळू लागले आहेत. याचा अर्थ असा की पुढील काही वर्षांत महाराष्ट्रातील नगरपरिषदांच्या दारी विद्यार्थ्यांचे अहवाल मोठ्या संख्येने येतील. ते कोणत्या भाषेत असतील?

ऑरेगनमध्ये विद्यार्थी आणि अधिकारी यांची लेखनभाषा निदान एक होती. आपल्याकडे तीही दोन आहेत. नगरपरिषदेतील टिपणी मराठीत, ठराव मराठीत, सर्वसाधारण सभेतील भांडणेही मराठीत. स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी अनिवार्य करणारा अधिनियम विधिमंडळाने २०२२ मध्ये संमत केला. विकास आराखड्यावर हरकती व सूचना देणारा दुकानदार आपला अर्ज मराठीतच लिहितो. आणि तांत्रिक विद्याशाखांतील प्रकल्प-अहवाल बहुतांशी इंग्रजीत लिहिला जातो, कारण तो परीक्षकासाठी असतो. मुख्याधिकाऱ्यांनी तो उघडला तरी त्यातील वाक्य टिपणीत उतरविण्यासाठी कोणास तरी त्याचे भाषांतर करावे लागेल, आणि ते 'कोण तरी' बहुधा कोणीच नसते.

मराठीत लिहिले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नव्हे. आपल्या शासकीय मराठीत 'करण्यात यावे' या प्रयोगाने घर केले आहे. 'कचऱ्याचे वर्गीकरण उगमस्थानी करण्यात यावे' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण कोणी करावे, कशात ठेवावे, घंटागाडी कोणत्या दिवशी काय नेईल, यांपैकी काहीही त्यात नाही. वस्तुतः मराठीचा विध्यर्थ कर्त्यास लपविणारा नाही. 'प्रत्येक घराने ओला कचरा निराळ्या डब्यात ठेवावा' असे म्हणताच 'ने' हा प्रत्यय कर्तव्याचा धनी दाखवून देतो. ही सोय भाषेत असता ती टाळली जाते, ती अज्ञानाने क्वचितच. जबाबदारी कोणावरही पडू नये या सावधगिरीने अधिक.

तीच गोष्ट मूळ संकल्पनेची. इंग्रजी 'सस्टेन' या क्रियापदाच्या लॅटिन मुळात खालून धरून ठेवण्याचा भाव आहे. म्हणजे कोणी तरी श्रम करीत आहे हे त्यात गृहीत आहे. आपण त्यासाठी 'शाश्वत' हा शब्द घेतला. जो शब्द आजवर आत्म्यास आणि सत्यास लावला जात असे, तो आता मलनिस्सारणास लावला जातो. जे शाश्वत आहे त्यासाठी कोणी काही करावयाचे नसते, ते असतेच. म्हणून या शब्दाने संकल्पनेतील श्रमाचा अंश नाहीसा केला. दुष्काळी भागातील गृहिणी पाणी 'पुरवून वापरते'. त्या दोन शब्दांत मर्यादा आहे, उद्याचा विचार आहे आणि कर्ताही आहे. पारिभाषिक शब्द म्हणून ते स्वीकारावेत असा आमचा हट्ट नाही. परंतु ज्या अहवालात 'शाश्वत' तीसदा येते आणि 'पुरवणे' एकदाही येत नाही, त्याच्या लेखकाने कोणाशी बोलून तो लिहिला असावा, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

भाषाविभागांस यात करण्याजोगे काम आहे आणि ते शुद्धलेखन तपासण्याचे नव्हे. पाहणीच्या वेळी लोक आपल्या प्रश्नांस कोणती नावे देतात, त्यांची नोंद आपल्या विद्यार्थ्यांनी करावी, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासह दोन पानांचे मराठी निवेदन लिहावे. त्यातील प्रत्येक शिफारशीस कर्ता असावा. परीक्षा-मंडळाने श्रेयांकांचा काही भाग या निवेदनासाठी राखून ठेवावा, आणि तोंडी परीक्षेस नगरपरिषदेचा एक कर्मचारी व त्या प्रभागातील एक रहिवासी यांस बोलवावे. त्यांनी गुण देऊ नयेत. फक्त प्रश्न विचारावेत.