कार्यक्रमाला किती लोक आले, एवढंच मोजायचं का?

संशोधनाच्या प्रस्तावात 'लोकसहभाग' हा शब्द लिहिलात की मुलाखतीत त्यावर प्रश्न येणारच: सहभाग म्हणजे नेमकं काय हो? माझी पहिल्या वर्षी इथेच दांडी गुल झाली होती. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. तिच्यात समुदायांचा सहभाग स्पष्टपणे आला आहे. तेव्हापासून स्थानिक इतिहासावरच्या प्रस्तावांत हा शब्द मिठासारखा पडतो. म्हणून तो आपल्याच भागात घासून पाहू.

स्थानिक इतिहासाचा कार्यक्रम संग्रहालयाच्या चार भिंतींतच व्हायला हवा असं नाही. पालघरमध्ये तो चौकात होतो. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि सहाच दिवसांनी, १४ ऑगस्टला, पालघरमध्ये मोर्चावर गोळीबार झाला. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तेवारी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी १४ ऑगस्टला हुतात्मा स्तंभापाशी लोक जमतात आणि त्यांना अभिवादन करतात.

मी पहिल्यांदा वही घेऊन गेलो तेव्हा काय टिपलं? साधारण किती माणसं होती, शाळकरी मुलं किती, भाषणं किती. मार्गदर्शकांनी पान वाचलं आणि एवढंच विचारलं, "बोललं कोण नाही?"

या प्रश्नासाठी संशोधनात एक साधन नेहमी वापरलं जातं. शेरी आर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या नगरनियोजनाबद्दल लिहिताना सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नावालाही नसतो. मधल्या तीन पायऱ्यांवर लोकांना माहिती मिळते, त्यांचं मत विचारलं जातं, फार तर त्यांची समजूत काढली जाते. निर्णय मात्र दुसरेच घेतात. वरच्या तीन पायऱ्यांवर लोकांच्या हातात खरी सत्ता येते. या शिडीने मोजलं तर कुठलाही अभिवादनाचा कार्यक्रम तिसऱ्या पायरीच्या वर जाणार नाही. सांगणारे सांगतात, ऐकणारे ऐकतात.

मी तसंच लिहून टाकलं होतं. आज ते मला चुकीचं वाटतं. ही शिडी सत्ता मोजते, स्मृती मोजत नाही. स्तंभासमोर दोन मिनिटं गप्प उभ्या राहिलेल्या माणसाला आपण 'खालच्या पायरीवर' कसं बसवणार? ऐंशीहून अधिक वर्षं एक तारीख जिवंत राहते, ती त्या उभं राहण्यामुळेच. तेव्हा परदेशी चौकट वापरायला हरकत नाही, पण ती कशासाठी बनली होती ते आधी बघायचं.

मग उणीव कुठे आहे? त्याच दिवशी माझ्या शेजारी एक आजी उभ्या होत्या. "आमचे बाबाही गेले होते मोर्चात," त्या सहज म्हणाल्या. मी मान डोलावली आणि पुन्हा डोकी मोजायला लागलो. पुढच्या वर्षी मी त्यांना शोधलं, त्या भेटल्या नाहीत. कोणत्या गावातून किती जण निघाले, कुठल्या वाटेने आले, घरी परतल्यावर काय बोलले, हे सगळं त्या एका वाक्याच्या मागे होतं. शिडीला जोडून विचारायचा दुसरा प्रश्न मला तिथे मिळाला: कार्यक्रम संपल्यावर मागे काय उरलं, आणि ते कोणाकडे?

केप टाउनमधलं डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय या प्रश्नाला उत्तर देतं. १९६६ मध्ये वर्णद्वेषी सरकारने ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि पुढे सुमारे ६० हजार लोकांना तिथून हलवलं. १९९४ मध्ये एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय सुरू झालं. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला, आणि जुन्या रहिवाशांनी आपलं घर कुठे होतं ते त्यावर स्वतः लिहिलं. कापडावर नावं लिहिली, ती नंतर भरतकामाने पक्की केली. म्हणजे येणारा माणूस नुसता पाहुणा राहिला नाही. तो आला म्हणून संग्रह वाढला.

हे उदाहरण आपल्यापासून लांबचं नाही. तारापूरला देशातला पहिला व्यावसायिक अणुवीज प्रकल्प १९६९ मध्ये सुरू झाला, हे स्पर्धा परीक्षेवाल्यांना पाठच असतं. तिथल्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी समुद्रकाठची अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली, हे किती जणांना माहीत आहे? प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या या अणुभट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. १९४२ चा मोर्चा स्वतः पाहिलेलं माणूस आता भेटणं फार अवघड. पण जुन्या पोफरणमधली विहीर कुठे होती, होड्या कुठे लागायच्या, हे सांगणारी माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. एका शाळेचं अंगण आणि खडू एवढ्यावर गावाचा नकाशा काढता येईल.

मात्र इथे उत्साहाला थोडा लगाम घालायचा. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. अशा गावात काढलेला नकाशा फक्त आठवणींचा राहत नाही, उद्या तो पुरावाही होऊ शकतो. म्हणून तो कोण वापरणार हे आधी सांगायचं, संमती लेखी घ्यायची, आणि मूळ प्रत गावकऱ्यांकडे ठेवायची. आपण फोटोप्रत घेऊन यायचं. प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात आणि नकाशाही तिथेच, असं झालं तर आपण नेमकी कुठल्या पायरीवर आहोत ते आर्नस्टाईनबाईंना विचारायला नको.

तेव्हा प्रस्तावात 'लोकसहभाग' लिहिण्याआधी तीन ओळी लिहून बघा: कोण बोललं नाही? मागे काय उरलं? ते कोणाच्या घरी आहे? उत्तरं लिहिता आली तर शब्द ठेवा, नाहीतर सरळ 'उपस्थिती' लिहा.

आणि १४ ऑगस्टला गेलात, तर वही बॅगेत ठेवून आधी शेजारच्या माणसाशी बोला.