‘स्थिर’ आहे, पण कशात?

तुम्ही सच्छिद्र पदार्थांवरचे पेपर वाचायला घेतले असतील, तर एक सवय लावून घ्या. ‘स्थिर’ हा शब्द दिसला की समासात पेन्सिलीनं लिहा: कशात? किती वेळ? आणि नंतर मोजलं काय?

कोव्हॅलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे सीओएफ, २००५ मध्ये ओमर याघी यांच्या गटानं आणले. त्यातल्या सीओएफ-५ चं पृष्ठफळ ग्रॅममागे दीड हजार चौरस मीटरच्या वर होतं. पण बोरॉन-ऑक्सिजनचे बंध पाण्यानं तुटतात. वायू पकडायचा दमट हवेतून, आणि जाळी मोडते ती दमट हवेतच!

म्हणून पुण्याच्या एनसीएलमधला, राहुल बॅनर्जी यांच्या गटाचा २०१२ चा पेपर मन लावून वाचा. अमाइन आणि अल्डिहाइड आधी रिव्हर्सिबल अभिक्रियेनं जुळतात, त्यामुळे चुकीचे जोड सुटून स्फटिक नीट रचला जातो. मग इनॉलचं कीटो रूप होतं आणि परतीचा रस्ता बंद. टीपीपीए-१ आणि टीपीपीए-२ दोन्ही उकळत्या पाण्यात आणि ९ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात टिकले; तितक्याच तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मात्र खणखणीत टिकला तो टीपीपीए-२. हा फरक त्यांनी सारांशातच सांगितलाय. मला तो पेपर आवडतो तो यासाठी.

माझी तक्रार नंतर पडलेल्या साच्याबद्दल आहे. सॅम्पल आम्लात बुडवा, एक्सआरडी काढा, पीक जागेवर दिसले की ‘अत्यंत स्थिर’ लिहून मोकळे व्हा. अहो, एक्सआरडी उरलेल्या स्फटिकाबद्दल सांगतो, विरघळून गेलेल्या भागाबद्दल नाही. माझ्याच एका सॅम्पलचे पीक जागच्या जागी होते, स्लाइडही तयार होती. सीनियरनं विचारलं, “वजन केलंस का?” केलं नव्हतं. नायट्रोजन आयसोथर्म काढला तर पृष्ठफळ निम्म्यावर आलेलं. (ती स्लाइड अजून जपून ठेवलीय.)

वायूच्या आकड्यांचंही तसंच. शुद्ध, कोरडा कार्बन डायऑक्साइड ० अंशाला किती शोषला, यावरून धुराड्याचं फारसं कळत नाही. तिथे नायट्रोजन आणि पाण्याची वाफ असतेच. कोरड्या नायट्रोजनमध्ये अमोनिया ओळखणारा सेन्सर पावसाळ्यात वाफेलाच अमोनिया समजला तर?

याउलट २०२४ चा सीओएफ-९९९ बघा, तोही याघींच्याच गटाचा. बर्कलेच्या खुल्या हवेत १०० हून जास्त चक्रं, क्षमता तशीच. ४०० पीपीएम कार्बन डायऑक्साइडमधून कोरड्यात ग्रॅममागे ०.९६ मिलिमोल, ५० टक्के आर्द्रतेत २.०५. दोन्ही आकडे दिलेत. जर्नल क्लबला हा आणि २०१२ चा पेपर शेजारी ठेवा, आणि सुरुवात प्रयोगाच्या कृतीपासून करा.