वर्गाबाहेरचीं मुलें

वयांत येणाऱ्या मुलांचे चित्रपट जगांत उदंड झाले, आणि त्यांतील बहुतेकांचा साचा एकच. मुलगा चारचौघांसारखा नसतो; शाळेंत त्याची टवाळी होते, घरीं त्याला कोणी समजून घेत नाहीं. तों एखादा प्रेमळ शिक्षक भेटतो, मुलाच्या अंगचा दडलेला गुण उघडकीस येतो, आणि जी शाळा काल हंसत होती तीच शेवटच्या प्रसंगांत टाळ्या वाजविते. प्रेक्षक डोळे टिपीत घरीं जातो. आमचा आक्षेप या चित्रपटांच्या गोडपणावर नाहीं. टाळ्या वाजविणाऱ्या शाळेला तेथें फुकट माफी मिळते, ही आमची तक्रार आहे. अंगीं गुण निघाला म्हणून मुलाला पंक्तींत पान मिळालें. न निघता तर काय, या प्रश्नाकडे ते फिरकतहि नाहींत. जे फिरकले अशा तीन चित्रपटांविषयीं येथें लिहावयाचें आहे.

पहिला फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाचा, १९५९ सालचा. इंग्रजींत तो 'द फोर हंड्रेड ब्लोज' या नांवानें ओळखला जातो, आणि तें वाचून मुलाला चारशें तडाखे बसले असावेत असा ग्रह होतो. मूळ फ्रेंच वाक्प्रचाराचा अर्थ मात्र मनमुराद उनाडक्या करणें असा आहे. मोठीं माणसें जिला उनाडकी म्हणतात ती मुलाच्या बाजूनें कशी दिसते, हाच चित्रपटाचा विषय. पॅरिसमधील आंत्वान शाळा चुकवितो आणि सबब विचारतांच आई वारली म्हणून ठोकून देतो. सावत्र बापाच्या कचेरींतून टंकलेखनयंत्र चोरतो. तें खपत नाहीं म्हणून परत ठेवावयास जातो, आणि नेमका परत ठेवतांनाच पकडला जातो. बाप स्वतः त्याला पोलिसांच्या हवालीं करतो. शेवटीं सुधारगृहांतून निसटून तो धांवत समुद्राशीं येतो. पाय पाण्याला लागतात, पुढें वाट नसते. तो वळून आपल्याकडे पाहतो, आणि चित्र तेथेंच गोठतें. त्या नजरेला उत्तर देण्याची जबाबदारी त्रुफोनें स्वतःकडे घेतलेली नाहीं.

दुसरा केन लोच यांचा 'केस' (१९६९), बॅरी हाइन्स यांच्या कादंबरीवरून केलेला. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यांतील बार्न्सली या कोळशाच्या खाणींच्या मुलखांत बिली कॅस्पर हा पोरगा ससाण्याच्या जातीचें एक पाखरूं पाळतो. वरच्या साच्यांतील सारें साहित्य येथें हजर आहे. प्रेमळ शिक्षक आहे, गुणहि आहे. भर वर्गांत बिली पांखराला कसें शिकविलें तें सांगूं लागतो, तेव्हां एरवीं त्याला हिणविणारीं पोरें श्वास रोखून ऐकतात. दुसऱ्या कोणा दिग्दर्शकानें येथून टाळ्यांकडे मोर्चा वळविला असता. लोच वळवीत नाहींत. नोकरीविषयीं विचारणा करणारा अधिकारी शाळेंत येतो, त्याच्यापुढें बिलीला एवढेंच सांगतां येतें कीं खाणींत उतरावयाचें नाहीं. शर्यतीवर पैसे लावण्याचें काम त्यानें केलें नाहीं म्हणून संतापलेला थोरला भाऊ पांखराचा जीव घेतो, आणि बिली तें कचऱ्याच्या डब्यांतून काढून पुरतो. गुण दिसला, कौतुकहि झालें, आणि कांहींएक बदललें नाहीं!

तरीहि या दोन मुलांविषयीं एक गोष्ट म्हणतां येईल कीं, ओढाळपणा थोडाबहुत त्यांच्या स्वभावांतच होता. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मधील जब्याविषयीं तेंहि म्हणण्याची सोय नाहीं. हा मुलगा विक्षिप्त नाहीं, बंडखोर नाहीं. त्याला इतरांसारखेंच व्हावयाचें आहे. जीन्सची विजार मिळावी म्हणून तो सायकलवर बर्फाच्या कांड्या विकतो. जत्रेंत चारचौघांत मनसोक्त नाचावें एवढीच त्याची हौस. आणि तेथेंच त्याच्या डोक्यावर मिरवणुकीची बत्ती येते. सुजय डहाके यांच्या 'शाळा' (२०११) मधील जोशीहि वर्गांतील मुलीवर असाच जीव टाकतो. जोशीचें दुःख हें प्रेमाचें दुःख म्हणून आपण आदरानें पाहतों. जब्याला तेवढाहि मान नाहीं. शालूवर प्रेम करण्याआधीं त्याला आपल्या बापाचा धंदा लपवावा लागतो. कैकाडी कुटुंबानें गांवचीं डुकरें धरावींत हें गांवानें ठरविलेलें आहे. 'फँड्री' या शब्दाचा कैकाडी बोलींत अर्थ डुक्कर असाच. तेव्हां हा मुलगा समाजांत बसत नाहीं असें म्हणणें ही वस्तुस्थितीची उलटापालट होय. बसण्याची जागा त्याला ठरवून दिलेली आहे. तेथें बसावयास तो नाकारतो.

चित्रपट निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. काळ्या चिमणीची राख शालूच्या अंगावर टाकली कीं ती वश होईल, हा धागा आम्हांस थोडा ताणलेला वाटतो. प्रतीक लवकर कळतें आणि मग तें पुन्हा पुन्हा कळत राहतें. शाळेच्या भिंतीवर रंगविलेल्या आंबेडकर, सावित्रीबाई इत्यादिकांच्या चित्रांपुढून डुक्कर बांधून नेण्याचा प्रसंग बोट दाखवून सांगितल्यासारखा आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. अशीं चित्रें आपल्याकडील शाळांच्या भिंतींवर असतातच. दिग्दर्शकानें तीं मुद्दाम आणलीं नाहींत, आपणच तीं रंगवून ठेवलीं आहेत. राष्ट्रगीताचे सूर ऐकूं येतांच हातीं आलेलें डुक्कर सोडून जब्या व त्याच्या घरचीं माणसें ताठ उभीं राहतात, त्या प्रसंगाविषयींहि आम्ही हेंच म्हणूं.

खरा वाद शेवटच्या दगडाचा. जब्यानें भिरकावलेला तो दगड थेट प्रेक्षकाच्या तोंडावर येतो आणि पडदा काळा होतो. कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा फडके-खांडेकरांच्या नांवांशीं निगडित झालेला वाद ज्यांच्या मनांत अजून ताजा आहे, त्यांना हा उघड प्रचार वाटेल. त्यांनीं आधींचा पाठलाग पुन्हा नीट पाहावा. सारा गांव तमाशा पाहावा तसा तो पाहत आहे, आणि त्यांतील पुष्कळ भाग खरोखरच विनोदी आहे. कॅमेरा त्या हंसणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि चित्रपटगृहांतहि हंशा पिकतो. दगड येतो तो त्या जागेवर. आपणांस त्या जागेवर कोणी ओढून नेलें नव्हतें.

पुढें या चित्रपटाला दिग्दर्शकाच्या पहिल्या कृतीचें व सोमनाथ अवघडे याला बालनटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. दोन्हीं योग्यच. मात्र टाळ्या पुन्हा आल्याच, हें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं.

एक उणीव तिन्ही चित्रपटांत सारखीच आहे: मुलींच्या बाबतींत ते मुके आहेत. पाठलाग पाहणाऱ्या गर्दींत शालू आहे आणि तीहि हंसते. ती कां हंसली, तिला हंसावें लागलें कीं आपसूक हंसूं आलें, आणि त्या दिवशीं घरीं गेल्यावर तिनें त्याविषयीं काय सांगितलें, हें दाखविणारा चित्रपट आम्हांस पाहावयास आवडेल. तिचें वय जब्याएवढेंच आहे.