ग्रेची विलापिका आणि स्टोक पोजेसची दफनभूमी

कवीच्या समाधीस जाताना त्याचे काव्य बरोबर न्यावे, ही रसिकांची जुनी रीत आहे. परंतु इंग्लंडातील बकिंगहॅमशर परगण्यातल्या स्टोक पोजेस या खेड्यात ही रीत पाळणारास थोडे अडचणीत पडावे लागते. कारण थॉमस ग्रेच्या ज्या विलापिकेने हे स्थान प्रसिद्धीस आणले, तीच तेथे येणारास विचारते की, तू येथे कोणाची कबर पाहावयास आलास?

विलापिका १७५१ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्या घरांतही आली. तीत गावाचे नाव कोठेही नाही. तथापि ग्रेची आई व मावशी येथे राहत, आणि १७५० च्या जूनमध्ये पुरी झालेली कविता त्याने येथूनच आपला मित्र होरेस वॉल्पोल यास धाडली. म्हणून परंपरेने तिचा संबंध येथील सेंट जाइल्सच्या चर्चशी जोडला आहे. या वास्तूत नॉर्मन काळाचे अंश आहेत, तसेच सोळाव्या शतकातील विटांचे हेस्टिंग्ज चॅपेलही आहे. पूर्वेकडील खिडकीबाहेर विटांची एक साधी कबर दिसते. तीत प्रथम मावशी, मग १७५३ साली आई आणि शेवटी १७७१ साली स्वतः ग्रे विसावला. आईच्या बारा अपत्यांपैकी तो एकटाच जगला होता. शिळेवरील लेखात त्याने आपले हे जगणे दुर्दैव म्हणूनच नोंदले आहे. त्याचे स्वतःचे नाव मात्र त्या शिळेवर नाही. ते सांगण्यासाठी समोरच्या भिंतीवर निराळी पाटी बसवावी लागली.

याउलट शेजारच्या शेतात, पेनसिल्व्हेनियाच्या संस्थापकाचा नातू जॉन पेन याने १७९९ साली जेम्स वायट या वास्तुकाराकडून ग्रेचे भव्य स्मारक उभारविले. उंच चौथऱ्यावर दगडी शवपेटी आणि खाली काव्यातील ओळी, असा त्याचा थाट आहे. शिल्पांच्या वैभवाने गेलेला प्राण परत येत नाही, असे बजावणाऱ्या कवीच्या वाट्यास हा सन्मान यावा, ही मोठी विसंगती होय.

परंतु कवितेचे खरे मोल या विसंगतीत नाही. ईटन येथे जतन केलेल्या हस्तलिखितात केटो, सिसेरो व सीझर ही रोमन नावे आहेत. छापताना ग्रेने त्यांच्या जागी हॅम्पडेन, मिल्टन व क्रॉमवेल घातले. हॅम्पडेन याच परगण्याचा, क्रॉमवेल त्याचा नातलग. आणि १६६५ साली प्लेगच्या भयाने मिल्टन याच परगण्यातील एका खेड्यात येऊन राहिला होता. त्यामुळे मेलेल्या नांगऱ्याची तुलना पोथीतल्या रोमशी न होता शेजारच्या गावाशी होऊ लागली, आणि त्याला काय उणे पडले, हा प्रश्न बोचू लागला. उत्तर कवी स्पष्ट देतो: दारिद्र्य आणि विद्येचा अभाव.

येथेच विल्यम एम्पसन याने १९३५ साली घेतलेला आक्षेप लक्षात घेण्याजोगा आहे. सागरतळीचे रत्न आणि रानातले फूल यांच्या उपमेने मनुष्यकृत व्यवस्था निसर्गनियमासारखी भासते, असे तो म्हणतो. हे खरे आहे. रत्नाला आपल्या लपून राहण्याचे दुःख नसते, पण अक्षरास वंचित झालेल्या माणसास ते असते. शिवाय दरिद्र्यांना मोठी पापे करण्याचीही संधी मिळाली नाही, हे ग्रेचे सांत्वन जरा लवकरच येते.

तथापि कवी या सांत्वनावर थांबला नाही. हस्तलिखितात कविता एकदा शांत संतोषाच्या स्वरात संपली होती. तो शेवट त्याने टाकून दिला आणि अत्यंत दीन मनुष्यासही आपली आठवण राहावीशी वाटते, हा विचार पुढे मांडला. ग्रेच्या इतर काव्याविषयी अनुदार असलेल्या डॉ. जॉन्सन यानेही नेमक्या याच भागाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. संतोषाचा उपदेश सुखवस्तू माणसास सोपा असतो. स्मरणाची भूक सर्वांची सारखीच, असे मानणे त्यास अवघड जाते. विलापिकेची थोरवी या कबुलीत आहे.

तेव्हा स्टोक पोजेसला जाणाऱ्या रसिकाने पेनच्या स्मारकापाशी फार वेळ घालवू नये. ते दुरूनही दिसते. चर्चभोवतीच्या सामान्य शिळांवरील नावे वाचावयास मात्र वाकावे लागते, आणि कवितेची मागणी तेवढीच आहे.