वेषाचा निर्णय कोणाचा?

पेनसिल्व्हेनियातील स्त्री-वैद्यक महाविद्यालयाचे १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. साडीतील आनंदीबाई जोशी, किमोनोतील केई ओकामी आणि सीरियन वेषातील सबात इस्लांबूली या तिघी विद्यार्थिनी त्यात एकत्र दिसतात. आनंदीबाईंच्या साडीत स्वदेशाभिमानाची खूण तेवढी पाहण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. हे वाचन आम्हांस अपुरे वाटते. पोटऱ्या उघड्या ठेवणारी नऊवारी तेथील थंडीत सोडून त्यांनी पाय झाकणारी गुजराती नेसण पत्करली होती. साडी राखली, नेसण बदलली. हा विवेक सर्वस्वी त्यांचा होता.

कामाची गरज ओळखून वेष ठरविण्याचा हा अधिकार आज कितपत रुजला आहे? सरकारी कचेऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये काढलेल्या परिपत्रकात स्त्रियांना साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता यांच्या जोडीने ट्राउझर्सचीही मुभा आहे. दुपट्टा मात्र आवश्यक असल्यास घ्यावयाचा. ही आवश्यकता काम करणारीची, की पाहणाऱ्याची? वस्त्रांची यादी वाढली, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु आनंदीबाईंची साडी वंदनीय मानणाऱ्यांनी त्यांचा तो निर्णयही तितकाच मानावयास हवा.