नियमाने लिहिलेली भूमी

संगणकीय खेळातील सृष्टीचे परीक्षण बहुधा खेळाडूच्या दृष्टीस जे पडते तेवढ्यावरच केले जाते. परंतु अशा सृष्टीचा काही भाग खेळत असताना रचलेला नसतो. खेळाबाहेर, तिच्या फाइलींवर आज्ञावली चालवून तो लिहिलेला असतो. अशा रचनेला कोणती कसोटी लावावी, हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेच्या अभ्यासकालाही परका वाटू नये.

‘माइनक्राफ्ट’ या मूळ स्वीडनमधील खेळाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यातील भूमी ठोकळ्यांची असते. १६ × १६ ठोकळ्यांच्या चौकोनाचा एक खंड, आणि अशा १,०२४ खंडांपर्यंतची एक फाइल, अशी तिची मांडणी आहे. ही मांडणी ज्ञात असल्यामुळे ‘एमसीएडिट’सारख्या बाह्य साधनांनी पायथन भाषेतील लहानशा आज्ञावलीच्या साहाय्याने असंख्य ठोकळे एकदम बदलणे शक्य केले. तथापि या सामर्थ्याला एक मर्यादा आहे. खेळाडूने वाळूचा ठोकळा अधांतरी ठेवला तर तो तत्काळ खाली पडतो. फाइलीत लिहिलेली वाळू मात्र शेजारी काही बदल होईपर्यंत तशीच अधांतरी राहते. आज्ञावलीला सृष्टीचा नियम ठाऊक नसतो. केवळ स्वतःचा नियम ठाऊक असतो.

तेव्हा परीक्षण व्हावयास हवे ते या दुसऱ्या नियमाचे. २०१३ साली ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेने भूमापनाच्या सामग्रीवरून सुमारे २,२४,००० चौरस किलोमीटरचा प्रदेश या खेळात उतरविला. त्यासाठी २,२०० कोटींहून अधिक ठोकळे लागले. एक ठोकळा म्हणजे ५० मीटर, हे प्रमाण उंचीलाही लावले असते तर १,३४५ मीटर उंचीचे बेन नेव्हिस शिखर अवघे २७ ठोकळे भरले असते. म्हणून उंची वाढवून घेण्यात आली आणि सखल किनाऱ्यावरचे कडेही त्यामुळे टिकले. उलट २०१४ साली डेन्मार्कच्या भूमापन खात्याने आपला देश एकास एक प्रमाणात मांडला. ही निष्ठा प्रशंसनीय खरी. परंतु खेळातील उंचीची मर्यादा त्या काळी २५६ ठोकळ्यांची होती आणि डेन्मार्कचे सर्वोच्च नैसर्गिक स्थळ सुमारे १७१ मीटरच आहे. म्हणजे डेन्मार्कची यथार्थता काही अंशी त्या देशाच्या सपाटपणाची देणगी होय. ब्रिटनची अतिशयोक्ती हा मात्र जाणीवपूर्वक केलेला अन्वयार्थ आहे, आणि समीक्षेच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा ठरतो.

अर्थात त्यातही उणीव आहे. जेथे ठोकळाच ५० मीटरचा, तेथे अरुंद गल्ली एकतर नाहीशी होते, नाहीतर राजमार्गाहून रुंद होते. नियम सर्वत्र सारखा चालतो. स्थळे सारखी नसतात. हस्तलिखितातील एखादा शब्द प्रत्येक ठिकाण न पाहता सरसकट बदलणाऱ्या संपादकावर जो आक्षेप घेतला जातो, तोच येथेही लागू पडतो. पाठचिकित्सेत संपादकाने आपली तत्त्वे प्रस्तावनेत नमूद करावीत अशी अपेक्षा असते. त्याच न्यायाने अशा सृष्टीबरोबर तिची आज्ञावलीही अभ्यासकांच्या हाती यावयास हवी. तिच्यावाचून भूमी पाहता येईल, पण भूमीचे काय केले गेले ते वाचता येणार नाही.