प्रस्ताव एपीआयने बनवला, पण बोली कुणी ठरवली?

बांधकामाच्या निविदेसाठी प्रस्ताव तयार करून देणारी सॉफ्टवेअर साधनं आता बरीच आली आहेत. प्रोकोरसारख्या बांधकाम-व्यवस्थापनाच्या प्रणालींना एपीआय असतं. म्हणजे काय, तर माणसाने स्क्रीनसमोर बसून रकाने भरायची गरज नाही. एक प्रोग्रॅमच दुसऱ्या प्रोग्रॅमला कामाची बाब, परिमाण, एकक आणि दर पाठवतो आणि पलीकडे प्रस्ताव तयार होतो. सिव्हिलच्या विद्यार्थ्याला यात लगेच विषय दिसतो, आणि संशोधनाचा प्रश्न हमखास असा ठरतो: ‘यामुळे वेळ किती वाचतो?’

माझा आक्षेप साधनावर कमी आणि या प्रश्नावर जास्त आहे.

आधी साधनाचं श्रेय त्याला देऊ. दोनशे बाबींचं अंदाजपत्रक हाताने उतरवताना शून्य इकडचं तिकडे होतं, घनमीटरच्या जागी चौरसमीटर पडतं. निविदेला शुद्धिपत्रक निघालं आणि परिमाणं बदलली की सगळा हिशोब पुन्हा करावा लागतो. ही कामं प्रोग्रॅमने करावीत यात वाद नाही. पण ही सगळी कामं उतरवण्याची आहेत. ठरवण्याचं काम वेगळं.

एका आकड्याची निविदा

हा फरक आपल्याकडे फार स्वच्छ दिसतो. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागात निविदेचे बी-१ आणि बी-२ असे दोन परिचित नमुने आहेत. बी-१ मध्ये बाबी, परिमाणं आणि दर खात्यानेच दिलेले असतात. ठेकेदाराने फक्त एक टक्केवारी भरायची: अंदाजित रकमेपेक्षा इतके टक्के कमी किंवा जास्त. बोलीभाषेत ‘बिलो’ किंवा ‘अबोव्ह’.

आता सांगा, इथे एपीआय काय तयार करणार? शंभर पानं जुळवून देईल, पण बोली म्हणजे तो एकच आकडा. खाण किती लांब आहे, पावसाळ्याआधी पाया वर येईल का, बिल निघायला किती महिने लागतील, आपली यंत्रं सध्या रिकामी आहेत का, या सगळ्यांची उत्तरं त्या एका आकड्यात दडलेली असतात. जेसन फाइलमध्ये त्या आकड्याला रकाना आहे. त्यामागच्या कारणांना नाही.

बेरीज तीच, बोली वेगळी

बी-२ मध्ये ठेकेदार प्रत्येक बाबीचा दर स्वतः भरतो. समजण्यापुरतं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खोदाई 100 घनमीटर, भराव 200 घनमीटर. पहिला ठेकेदार 400 आणि 300 रुपये दर भरतो, बेरीज 1,00,000. दुसरा 600 आणि 200 भरतो. बेरीज तीच, 1,00,000. कागदावर दोघं बरोबरीत.

पण दुसऱ्याने जागा पाहिली आहे आणि खोदाई वाढणार हे ओळखलं आहे. प्रत्यक्षात दोन्ही बाबी 150 घनमीटर झाल्या आणि भरलेल्या दरांनीच बिल निघालं, तर पहिल्याचं बिल 1,05,000 आणि दुसऱ्याचं 1,20,000. याला असंतुलित बोली म्हणतात. दर आपोआप भरणारं साधन पहिल्या ठेकेदारासारखं वागतं, कारण त्याला दरसूची माहीत आहे, जागा माहीत नाही. ‘बेरीज अचूक आली का’ एवढंच तपासणारा अभ्यास दोघांना सारखेच गुण देईल.

सगळ्यांचं साधन एकच असेल तर?

या विषयात उतरायचं तर लॉरेन्स फ्रीडमन यांचा 1956 चा लेख टाळता येत नाही. कल्पना सोपी आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या जुन्या बोलींवरून, आपण अमुक नफा धरला तर काम मिळण्याची शक्यता किती, ते काढायचं. मग नफा गुणिले शक्यता जिथे सर्वांत मोठी, ती बोली लावायची. अनेक प्रतिस्पर्धी असतील तर फ्रीडमन प्रत्येकाला हरवण्याच्या शक्यतांचा सरळ गुणाकार करतात. म्हणजे त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरतात. 1967 मध्ये मार्विन गेट्स यांनी वेगळं सूत्र मांडलं आणि त्यावरून पुढे बराच वाद झाला.

हा वाद जुना म्हणून सोडून देऊ नका. समजा, पाचही ठेकेदारांच्या साधनांनी एकाच दर-माहितीसंचातून दर उचलले. त्या संचात सिमेंटचा दर जुना असेल, तर पाचही अंदाज एकाच दिशेला चुकतील. मग स्वातंत्र्य उरलं कुठे? एरवी सर्वांत कमी बोलीवाला बऱ्याचदा तोच असतो ज्याने खर्च सर्वांत कमी धरला. याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. साधन सामाईक झालं की एकट्याची चूक कमी होईल, पण सगळ्यांची मिळून होणारी चूक कुणाच्याच लक्षात येणार नाही, कारण शेजारच्याचा आकडाही जवळपास तोच असेल. मला यातला खरा संशोधन-विषय हा वाटतो, आणि ‘वेळ किती वाचला’ या प्रश्नातून तो कधीच हाती लागत नाही.

मग मोजायचं काय?

सिनॉप्सिस लिहिण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचारा. एक, मी प्रस्ताव मोजतोय की बोली? दोन, साधनाने सुचवलेला दर माणसाने कुठे आणि का बदलला, याची नोंद मला मिळणार आहे का? तीन, काम संपल्यावर झालेला खर्च मला पाहता येईल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ‘अचूकता’ हा शब्द शीर्षकातून काढा. तुम्ही फक्त वेग मोजताय.

वेग मोजणं कमीपणाचं नाही, तसं स्पष्ट लिहा म्हणजे झालं. पण दुसऱ्या प्रश्नातली नोंद मिळत असेल, तर ती सोडू नका. अनुभवी माणसाने यंत्राचा आकडा खोडून आपला घातला, ती जागा म्हणजेच तुमचा डेटा. एपीआयच्या लॉगमध्ये बहुतेक वेळा तिथे फक्त नवा आकडा दिसेल. कारण विचारायला साइट-ऑफिसातच जावं लागेल.